हिवरीटोल्यात रस्ता सापडत नाही

पूर्वेला नाला, पश्चिमेला मालगुजारी तलाव, उत्तरेला झुडपी जंगल आणि दक्षिणेला डांबरी सडक. हिवरीटोल्याचं हे वर्णन मी माझ्या हाताने सरकारी कागदावर लिहिलं आहे आणि त्यात एक अक्षर खोटं नाही. तरी ते वाचून त्या गावाबद्दल कोणाला काही कळेल असं मला वाटत नाही. कोणाला स्वतःच्या घरी जाताना कोणाच्या दारावरून जावं लागतं, हा गावाचा खरा भूगोल. तो नकाशात काढायची सोय नाही, आणि असती तर आमच्या खात्यात कोणी नोकरीला टिकला नसता.

मी भूकरमापक होतो. लोक म्हणतात मोजणीवाला. आता निवृत्त होऊन शहरात, बेसा भागात, एका फ्लॅटमध्ये राहतो. इमारतीखालचं शेत मीच मोजलं होतं, त्यामुळे आपलं स्वयंपाकघर कोणत्या विहिरीवर उभं आहे हे सोसायटीत मला एकट्यालाच माहीत आहे. विचारल्याशिवाय मी ते सांगत नाही. लोकांना वाटतं, मोजणी म्हणजे टेप धरणं. टेप कोणीही धरतो. मोजणी म्हणजे दोन शेजाऱ्यांच्या मधोमध उभं राहून दोघांचाही चहा नाकारणं. एकाचा चहा घेतला की दुसऱ्याच्या नजरेत धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, दगड सरकलाच. भर उन्हात मी घरून नेलेलं कोमट पाणी पीत उभा असे आणि दोन्हीकडचा चहा निवत असे.

भिवापूरकडच्या एका म्हाताऱ्याचं शेत मोजलं, तर त्याच्या कागदापेक्षा जमीन थोडी जास्तच निघाली. मला वाटलं, आता हा पाया पडेल. त्याने माझ्याविरुद्ध अर्ज दिला. त्याचं म्हणणं असं की मोजणीवाल्याने आपणहून एवढी दिली, म्हणजे शेजाऱ्याकडे याहून जास्त दाबून ठेवली असणार. त्या दिवसापासून मी लोकांकडून समाधानाची अपेक्षा सोडली आणि माझी तब्येत सुधारली.

शेतांचे नकाशे इंग्रजांच्या काळापासून आहेत. नव्हता तो गावठाणाचा, म्हणजे जिथे घरं असतात त्या जागेचा. शेताला सातबारा, आणि ज्या घरात तो सातबारा ट्रंकेत ठेवलाय त्या घराला काही नाही. मग सरकारने ठरवलं की ड्रोन उडवून गावठाणं मोजायची आणि प्रत्येकाला घराचा मालकी कागद द्यायचा. आमची पद्धत अशी होती: ड्रोनला वरून छप्पर दिसतं, पण अंगण कुठे संपतं हे त्याला समजत नाही. म्हणून आदल्या दिवशी प्रत्येक घरवाल्याने आपली हद्द चुन्याने आखायची. सकाळी ड्रोन फोटो काढणार आणि त्या पांढऱ्या रेषांवरून नकाशा तयार होणार. चुन्यावरून करण्यासारखा विनोद तुम्ही मनातल्या मनात करून घ्या. गावात तो सगळ्यांचा करून झाला होता.

या पद्धतीत एक गोम होती. घराला मालक असतो, तो रेघ मारतो. रस्त्याला मालक नसतो. दोन्हीकडच्या रेघा मारून झाल्यावर मधे जे उरेल तो रस्ता. ग्रामसेवकाने सार्वजनिक जागा आखायच्या असतात, पण त्याच्याकडे आणखी गावांचा कारभार होता. शाळा आणि पंचायतीचं ऑफिस आखून तो गाडीला किक मारून निघून गेला.

आता लोकसंख्या. हिवरीटोल्यात माणसं दोन प्रकारची आहेत: राहणारी आणि सही करायला येणारी. राहणाऱ्यांत म्हातारे, बायका, चौथीपर्यंतची पोरं आणि जे बुटीबोरीच्या कंपनीतून परत आले ते. बाकीचं गाव शहरात, प्रताप नगरात, बेशात, रामदासपेठेत राहतं आणि लग्नाच्या पत्रिकेवर ‘मूळ गाव’ म्हणून हिवरीटोला छापतं. एरवी या लोकांना गावात मच्छर चावतात. मोजणीची दवंडी झाली तशी गावाची लोकसंख्या एका सकाळी दुप्पट झाली. पाराभोवती मोटारी लागल्या. ज्यांच्या घराची फक्त एक भिंत उभी होती ते त्या भिंतीला हात लावून फोटो काढत होते आणि पोरांना सांगत होते की बघा, आपली मुळं इथली. पोरं मोबाईलला रेंज शोधत होती.

या सगळ्यांत मानाचे म्हणजे डॉक्टरसाहेब. त्यांचे पणजोबा या गावचे मालगुजार, म्हणजे सारा गोळा करणारे गावाचे धनी. रामदासपेठेत त्यांचा स्वतःचा दवाखाना आहे. गावातल्या जुन्या घराचं सागवान त्यांनी केव्हाच विकलं आणि त्या जागेवर टाइल्सचा हॉल बांधला. वर्षातून एकदा, भाद्रपदात, कुळाच्या महालक्ष्म्या त्या हॉलमध्ये बसतात आणि गावजेवण होतं. उरलेलं वर्षभर हॉलला कुलूप आणि पायऱ्यांवर बकऱ्या.

हॉलच्या एका बाजूने बैलगाडीएवढा रुंद बोळ नाल्याकडे उतरतो. बोळाच्या पलीकडे भाऊरावांचा गोठा. भाऊराव म्हणजे सरपंच सुनंदाबाईंचे यजमान. सरपंच बाई असली तरी खुर्चीत भाऊराव बसतात, आणि हे गावात इतकं रुळलंय की सुनंदाबाईंना सही करायला बोलावलं की त्या आधी विचारतात, ‘कोणाच्या खुर्चीत बसू?’ बोळ उतरून गेलं की खालची वस्ती, बौद्धांची. वस्तीत एक विहार, त्याच्यासमोर निळ्या रंगाचं घर, आणि त्या घरात मायाबाईची पिठाची चक्की. गावातली ही एकमेव चक्की. ज्या वस्तीचं पाणी डॉक्टरसाहेबांच्या पणजोबांना चालत नव्हतं, त्या वस्तीचं पीठ आता त्यांच्या महालक्ष्मीला चालतं. प्रगती झाली होती, फक्त बोळाच्या तोंडाशी येऊन थांबली होती.

वैशाखात, ड्रोन उडायच्या आदल्या दिवशी सकाळी मी गावभर फिरून रेघा पाहिल्या. बऱ्याचशा प्रामाणिक होत्या. मग भाऊरावांनी आम्हाला जेवायला बसवलं. पाटोडी, तर्रीवाला रस्सा, भाकर, वरून ताक. त्यानंतर शाळेच्या व्हरांड्यात कूलर लावून दिला. इकडे वैशाखात दुपारी बाहेर पडणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर मोजणीवाला. मी डोळे मिटून पडलो होतो, पण घमेल्यांचे आवाज ऐकू येत होते. त्या उन्हात अख्खं गाव बाहेर होतं. कोणी कोणाशी भांडत नव्हतं, बोलत नव्हतं, फक्त चुना टाकत होतं. माझ्या नोकरीत एवढं एकमत मी कुठल्याच ग्रामसभेत पाहिलं नाही.

उन्हं उतरल्यावर मी पुन्हा फिरलो. सगळ्या रेघा रस्त्यावर आल्या होत्या. शेजाऱ्याच्या बाजूला कोणी सरकला नव्हता, कारण शेजारी काठी घेऊन येतो. रस्ता काठी घेऊन येत नाही. मी भाऊरावांना म्हटलं, “रस्ता कुठे गेला?”

“साहेब, रस्ता कोण खाते जी? थो तं तिथीच हाये,” भाऊराव म्हणाले.

मी पुसायला सांगितलं. पुसतो म्हणाले. सकाळी ड्रोन उडाला तेव्हा रेघा होत्या तिथेच होत्या. आमचा नियम साधा: जे आखलं ते उतरेल, तक्रार असेल तर कच्च्या नकाशावर हरकत घ्या.

कच्चा नकाशा श्रावणात छापून आला. तो घेऊन मी गावात गेलो आणि शाळेत जमिनीवर पसरला. लोक वाकून आपापलं घर शोधत होते, सापडलं की खूष होत होते. घरं अशी ठासून बसली होती की मधे टाचणी जाणार नाही. मी म्हटलं, “छान. आता यातून बाहेर कसं पडायचं ते मला दाखवा. सरकारी हिशोबाने तुम्ही आज इथपर्यंत एकमेकांच्या घरातून आलात.”

मग प्रताप नगरच्या एका गृहस्थांनी विचारलं की त्यांची मोटार आत आणायची तर कायद्याने किती जणांची परवानगी लागेल. तिथून भराभर चक्रं फिरली. मोठा रस्ता संध्याकाळपर्यंत सुटला. प्रत्येकाने समोरचा किती मागे जातो ते पाहत आपली रेघ मागे घेतली आणि सह्या केल्या. स्वतःची गाडी अडली की गावाला रस्त्याचं महत्त्व पटवून द्यावं लागत नाही.

राहिला बोळ. तिथे एका बाजूला डॉक्टरसाहेब, दुसऱ्या बाजूला भाऊराव, आणि दोघांच्या रेघा मधोमध एकमेकींना भिडलेल्या. रेघांवर काम भागलं नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी बाग करायची म्हणून तारेचं कुंपण घातलं होतं, भाऊरावांनी गोठ्याचं शेण टाकायला खड्डा खणला होता. दोघांच्या मधून माणूस अंग तिरपं करून जाई.

मायाबाई शाळेच्या दारात उभी होती. सडपातळ, चाळिशीची बाई, केसांवर पिठाची धूळ. तिने चप्पल बाहेर काढली, आत आली आणि नकाशावर बोट ठेवलं.

“साहेब, माह्या सासूले लकवा झाला. मागच्या पंधरवड्यात अँबुलन्स बोलावली तं थे सडकीवरच थांबली. बाज तारेवरून उचलून नेली आम्ही, त्यात लुगडं अटकलं तिचं. मले फक्त अँबुलन्स दारापर्यंत आली पाहिजे. बाकी काही नाई मागून राहिली मी.”

डॉक्टरसाहेब सभ्य माणूस. त्यांचा आवाज कधी चढत नाही. ते म्हणाले, “मायाबाई, मला पूर्ण सहानुभूती आहे. मी स्वतः डॉक्टर आहे. पण तो रस्ता कधीच नव्हता. आमच्या अंगणातून आम्ही तुम्हाला जाऊ देत होतो, दॅट इज ऑल. वस्तीला नाल्याकडून वाट आहेच की.”

“नाल्याले पूर आला मंग?” मायाबाई म्हणाली.

“पूर काय रोज येते वं?” भाऊराव म्हणाले.

मी दोघांना समजावलं. इथे सही करून जागा सोडली तर नकाशा आत्ता दुरुस्त होईल, नाही तर वाद वर जाईल आणि निकालापर्यंत तारही राहील, खड्डाही राहील. मी हे धाक म्हणून सांगितलं. दोघांनी ते आश्वासन म्हणून ऐकलं. वादाला वर्षं लागतात हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं, आणि सासूकडे किती वर्षं आहेत हे डॉक्टरसाहेबांना माझ्यापेक्षा बरं माहीत असणार. मला त्या दिवशी राग आला. मी नकाशा गुंडाळला आणि महालक्ष्म्यांच्या आधी एकदा शेवटचा येतो म्हणून सांगितलं.

पुढचं मला सुनंदाबाईंनी सांगितलं. महालक्ष्म्या जवळ आल्या तशी बायकांनी गहू निवडून ठेवले. पुरणपोळीला कणीक, आंबिलीला ज्वारीचं पीठ. पहिलं पोतं घेऊन भाऊरावांचा भाऊ तारेतून कसाबसा चक्कीवर पोचला. मायाबाईने चक्की बंद केली आणि दारात येऊन बसली.

“भाऊ, तुम्ही कुठून आले?”

“कुठून म्हणजे? बोळातून आलो.”

“बोळ नाई तिथी. नकाशा पाहा. थे जागा डॉक्टरसाहेबाची हाये. त्यायले इचारून आले का?”

“वेडी झाली का वं तू?”

“दुसऱ्याच्या जागेतून आलेलं धान्य मी नाई दळत. उद्या पोलीस मलेच इचारन.”

पहिल्या दिवशी गाव हसलं. दुसऱ्या दिवशी पुरुष मंडळी मोटारसायकलवर पोती टाकून बाजारच्या गावी दळायला गेली. तिथे सगळ्या तालुक्याची रांग. तिथल्या चक्कीवाल्याने गर्दीत डाळीच्या मागे गहू दळले आणि कणकेत अर्धं बेसन आलं. डॉक्टरसाहेबांच्या सौभाग्यवतींनी रामदासपेठेतून फोनवर सुचवलं की पॅकेटचं पीठ आणते. त्यावर त्यांच्याच चुलतसासूबाई म्हणाल्या की मग महालक्ष्म्याही पॅकेटच्याच आण. सुनंदाबाईंनी घरी भाऊरावांसमोर रिकामी परात ठेवली.

“तुम्ही रस्ता खाल्ला ना?” त्या म्हणाल्या. “मंग आता जेवाले काहून बसून राहिले?”

मी पोचलो तेव्हा मंडळी पारावर माझी वाट पाहत होती. एवढ्या प्रेमाने माझी वाट कधी कोणी पाहिली नव्हती. डॉक्टरसाहेबांनी आपण गावाच्या हितासाठी मोठं मन करत असल्याचं सांगितलं. मोठं मन किती, ते मी मोजलं. पोतं बांधलेली मोटारसायकल जेमतेम जाईल एवढं. भाऊरावही तितकेच मोठ्या मनाचे निघाले. दोघांनी मिळून पिठापुरता रस्ता सोडला होता. रुग्णवाहिका त्यातून जाणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं.

मायाबाईने बोळाच्या दोन्ही बाजू पाहिल्या. मग ती माझ्याशी नाही, सुनंदाबाईंशी बोलली.

“ताई, एवढ्यात नाई होत. जुन्या चक्कीचा दगड गेला आता, कणीक जाडी येऊन राहिली. मी मोठी चक्की सांगितली हाये, मसाला, डाळ, सगळं निघते तिच्यात. थे ट्रॅक्टरवर येते. ट्रॅक्टर नाई आला तं चक्की नाई येत. मंग मी जुनी बी बंद करतो आन् बहिणीकडे मजुरीले जातो.”

सुनंदाबाईंनी भाऊरावांकडे पाहिलं. भाऊरावांनी डॉक्टरसाहेबांकडे पाहिलं. हॉलमधून चुलतसासूबाईंचा आवाज आला की देवींची बसायची वेळ होतेय, पीठ कुठे आहे. तार सोडायला एक माणूस लागला, खड्डा बुजवायला दोन. ट्रॅक्टर किती रुंद असतो यावर मात्र बरीच चर्चा झाली. ट्रॅक्टर सगळ्यांच्या घरी होता, पण त्या दिवशी कोणालाच त्याची रुंदी आठवत नव्हती. शेवटी सुनंदाबाईंनी स्वतःच्या घरचा आणून बोळात उभा करायला लावला. मी त्याच्या दोन्ही बाजूंना वळायला जागा ठेवून चुना टाकला. त्या बाबतीत नियमात जेवढी मोकळीक होती, तेवढी सगळी घेतली. मग सह्या झाल्या. पहिली सही सरपंच सुनंदाबाईंची, आणि या वेळी त्यांनी कोणाच्या खुर्चीत बसू असं विचारलं नाही.

सह्या होऊन कागद माझ्या पिशवीत गेल्यावर मायाबाईने चक्की सुरू केली. मी हात धुवायला तिच्या नळावर गेलो तेव्हा विचारलं, “चक्की कोणत्या कंपनीची घेताय?”

“साहेब, तुम्ही चहा घ्या ना,” ती म्हणाली.

दोन्ही पक्षांच्या सह्या झाल्या होत्या. मी चहा घेतला.

मालकी कागदांचं वाटप हिवाळ्यात झालं, माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी. शाळेसमोर मांडव, पाहुण्यांचं भाषण, प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात कागद. प्रताप नगर आणि बेशाची लोकसंख्या पुन्हा हजर. भाषण चालू असताना सडकेवरून रुग्णवाहिका आली. ती पाराला वळसा घालून बोळात शिरली आणि थेट निळ्या घरासमोर थांबली. कोणी बाज उचलली नाही, कोणी तार धरली नाही. म्हातारीला उठवून आत निजवायला मायाबाई आणि गाडीवरचा एक माणूस पुरले. सगळा मांडव मान वळवून बघत होता. भाऊराव तरातरा चालत बोळापर्यंत गेले. मी त्यांच्या मागे होतो.

“मायाबाई, चक्की कुठी हाये वं?”

मायाबाई सासूजवळ बसली होती. तिने सासूच्या अंगावरची चादर नीट केली.

“ट्रॅक्टर नाई भेटला भाऊ,” ती म्हणाली आणि गाडीवाल्याला निघायला सांगितलं.

डॉक्टरसाहेब मांडवाच्या कडेला हातात कागद घेऊन उभे होते. गाडी त्यांच्या हॉलला न घासता निघून गेली. त्यांनी कागद उघडून आपल्या अंगणाची हद्द पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कागदाकडे. त्यांच्या सहीखाली माझीच सही होती. नकाशा पक्का झाला होता. आता तो रस्ता मागे घ्यायचा तर त्यांनाच वाद घेऊन वर जावं लागलं असतं, आणि त्याला किती वर्षं लागतात हे त्यांना माहीत होतं.

हिवरीटोल्याच्या सरकारी नकाशात तो बोळ आता सार्वजनिक रस्ता आहे, चांगला ट्रॅक्टर जाईल असा, आणि त्याखाली सगळ्यांच्या सह्या आहेत. लकवा झालेल्या बाईला दवाखान्यात नेता यावं, एवढ्या कारणासाठी त्यातली एकही सही मला मिळाली नव्हती.